बंब पाठवते हं, आजी

मी फायर ब्रिगेडमधे पाच वर्षं झाली काम करते आणि आजपर्यंत एकही आग पाहिली नाही. ऐकल्यात. पुष्कळ ऐकल्यात. फोनमधे आग कशी ऐकू येते ते मला माहीत आहे, पहिले माणूस ओरडतो, त्याच्या मागे बाया ओरडतात, आणि त्यांच्याही मागे एक आवाज असतो, प्लास्टिकची जाड पन्नी चुरगळल्यासारखा, तो आगीचा. मग माणूस पत्ता सांगतो न सांगतो, फोन कट. पुढे काय झालं ते मला कोणी सांगत नाही.

हे मी मंडळातल्या ताईंना सहज बोलून गेली होती. त्या म्हणाल्या हेच लिही अंकासाठी, आपल्या इंदौरच्या मराठी बायकांत असं काम कोणी करत नाही. मी म्हटलं ताई, मी नववीपर्यंत, ती पण हिंदी शाळेत, माझी मराठी घरातल्या घरात शिकलेली, अर्धी तर हिंदीच आहे. त्या म्हणाल्या जशी बोलतेस तशी लिही. तर तशी लिहून राहिली आहे, ड्यूटीवर बसूनच, माझ्या मुलीच्या, पिहूच्या, जुन्या वहीत. मधे फोन वाजला की थांबते. फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं. पहिले आगीच्या भीतीने व्हायचं, आता दुसऱ्या भीतीने होतं, आणि तीच सांगायची आहे, पण आधी काम काय असतं ते सांगते, नाहीतर कळणार नाही.

आमची खोली लहान आहे. एक टेबल, दोन जुने फोन ज्यांच्यावर नंबर दिसत नाही, एक वायरलेस, एक जाड रजिस्टर, आणि भिंतीवर घंटेचं बटण. बाजूला मोठा हॉल, तिथे गाड्या उभ्या असतात, तोंड रस्त्याकडे करून. फोन आला की पहिले विचारायचं कुठे. मग काय जळतंय. मग आत कोणी आहे का. मग फोन करणाऱ्याचा नंबर. आणि फोन ठेवायच्या आधी दोन गोष्टी सांगायच्या, घरातून बाहर निकलो, आणि तेल असेल तर पानी मत डालो, तेलावर पाणी टाकलं की भडका उडतो. मग बटण. घंटा वाजली की सगळे धावतात, गाडी फाटकाबाहेर गेली की रजिस्टरमधे दोन टाइम लिहायचे, फोन कधी आला आणि गाडी कधी निघाली. या दोन टाइमच्या मधे जे काही असेल तीच आमची इज्जत. राँग नंबर आणि येडे फोन लिहायचे नाहीत, नाहीतर रजिस्टर महिन्यात भरून जाईल.

पत्ता विचारणं सगळ्यात कठीण. घाबरलेला माणूस स्वतःचं घर विसरतो. मंदिर के पास, टंकी के सामने. आता इंदौरमधे मंदिरं किती आणि टंक्या किती. पहिल्या आठवड्यात मी रडायला आली होती, तेव्हा मांगीलालजींनी युक्ती दिली. मांगीलालजी म्हणजे आमचे मोठ्या गाडीचे ड्राइवर, मिशा पांढऱ्या, आवाज असा की वायरलेसची गरज नाही. म्हणाले, "भेन, मंदिर मत पूछ. ये पूछ कि सुबे पोहे किसके यां खाते हो." आणि खरंच, घर जळत असलं तरी इंदौरचा माणूस पोहेवाल्याचं नाव एका श्वासात सांगतो. कितीतरी घरं त्या पोह्यांनी वाचवली आहेत.

येडे फोन पण सांगते. एकाचा पोपट पंख्यावर बसला, गाडी भेजो. एकाकडे लग्न, पाण्याचा टँकर आला नाही, "तुम्हारे पास तो खड़ी है ना भरी हुई." एक म्हातारबाबा रोज दुपारी फोन करायचे, "जाग रहे हो? हां, ठीक है," आणि ठेवून द्यायचे. पहिले राग यायचा, मग एक दिवस त्यांचा फोन आला नाही तर मीच घड्याळ पाहत बसली. नंतर कधीच आला नाही. त्याचं पण पुढे काय झालं, मला माहीत नाही.

आणि लोकांचं मत. बापरे. लोकांचं आमच्याबद्दल एकच मत आहे, हे लोक सगळं जळून गेल्यावर येतात. माझं पण तेच होतं. लहानपणी आमच्या गल्लीत एक रजईचं दुकान जळलं, तेव्हा माझी आई दारात उभी राहून त्या लोकांना काय काय बोलली होती, ताश खेळत बसले असतील मेले. तीच आई मला ही नोकरी लागली तेव्हा सगळ्या गल्लीला सांगत होती, सरकारी आहे. सरकारी नाही, ठेक्यावर आहे, पण आईला कोण सांगणार. मांगीलालजी म्हणतात, "पहुंचे तो देर से, बुझाई तो पानी से सोफा खराब कर दिया. और सबसे पेले एक ही सवाल, पानी लाए हो कि नई?" पूर्ण जोर लावला तर गाडीतलं पाणी चहा होईपर्यंत संपतं, हे लोकांना माहीत नाही. पाइपावरून लोक स्कूटर नेतात, ते पण त्यांना दिसत नाही. फक्त लहान पोरं आमच्या बाजूने आहेत, गाडी निघाली की ती हात हलवतात. थोडी मोठी झाली की मोबाइल काढतात.

आता माझं. नवरा माझा ट्रक चालवायचा, मानपूरच्या ढाब्यांवर थांबायचा, मग जास्त थांबायला लागला, मग तिथेच राहिला. पिहू तेव्हा पोटात होती. आता ती पाच वर्षांची आहे, शाळेतून सरळ इथे चौकीवर येते, टेबलाखाली बसून चित्रं काढते. साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आहे. घंटा वाजते, बूट धाडधाड करतात, दोन मिनिटांत सगळे पुरुष गेले. हॉल मोकळा. जिथे गाडी उभी असते तिथे फक्त ऑइलचे डाग आणि एखादी उलटी पडलेली चप्पल. मग तासन्‌तास मी आणि पिहू आणि फोन. वायरलेसवर खरखर. कोणाशी बोलायचं? जे बोलतात ते सगळे घाबरलेले अनोळखी, आणि त्यांना माझ्याशी नाही, गाडीशी काम असतं. मराठीत तर कोणीच बोलत नाही. पाच वर्षांत मराठीत फोन एकच आला.

तो हा.

चैत्राचं ऊन होतं, दुपार. या दिवसांत गव्हाची कापणी होऊन शेतात जी खुंटं राहतात ती लोक पेटवून देतात, नरवाई म्हणतात त्याला, ती आग हवेने दुसऱ्याच्या शेतात जाते. दिवसभर तेच फोन. दोन गाड्या तिकडे गेलेल्या, एक मोठी गाडी इथे, मांगीलालजींची. मी ड्यूटीवर आल्यापासून ओरडून ओरडून बसलेली, डबा उघडलेला, पहिला घास हातात. फोन वाजला.

"फायर कंट्रोल, बोलिए."

"अहो, बंब पाठवा. लवकर बंब पाठवा."

बाईचा आवाज, म्हातारा, धापा टाकणारा. आणि मराठी! मला काय झालं सांगू, मला एकदम बरं वाटलं. एवढंच वाटलं की कोणीतरी घरचं बोललं.

मी म्हटलं, "काय पाठवू आजी?"

"बंब गं, बंब. सुदामा नगर. दिघे म्हणून. स्वयंपाकघर…"

आणि मला हसू आलं. आता तुम्ही म्हणाल की फायर ब्रिगेडमधे बसते आणि बंब कळला नाही? नाही कळला. आमच्या घरी बंब म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब. मोरीच्या दाराशी असायचा, त्याच्यात लाकडाच्या ढलप्या टाकायचं काम माझं होतं, आईने मग तो विकला आणि गीझर घेतला. बंब हा शब्द मी त्याच्यानंतर कोणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. आगीची गाडी म्हणजे दमकल, नाहीतर फायर ब्रिगेड, नाहीतर आपली नुसती गाडी. जुनी मराठी माणसं तिला बंब म्हणतात, आगीचा बंब, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं म्हातारी आहे, एकटी असेल, डोकं जरा हललं असेल, बंब मागवून राहिली आहे. पोपटवाला, टँकरवाला, तशी ही बंबवाली. तिने आग हा शब्द म्हटला नाही. मी विचारला नाही. माझे चार सवाल, जे मी झोपेत पण विचारीन, ते मी विचारले नाहीत.

मी म्हटलं, "आजी, बंब आता कुठे मिळतात, गीझर लावा ना."

"अगं पाठव ना लवकर!"

तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला. आणि मी हसत हसत, जसं पिहूला चंद्र आणून देते म्हणते तसं म्हटलं, "हो हो, बंब पाठवते हं, आजी."

"मराठी आहेस ना? देवासारखी भेटलीस बाई." आणि त्यांनी फोन ठेवून दिला. मी नाही ठेवला. त्यांनी ठेवला, समाधानाने.

दुसरा फोन नरवाईचा होता. तो मी नीट घेतला, वायरलेसवर सांगितलं, लिहिला. मग जेवली. पिहूला भेंडी भरवली. मला आठवतं मी तिला सांगितलं पण, आज एका आजीने बंब मागितला. ती म्हणाली, बंब काय असतो? मी म्हटलं, दाखवीन कधी.

डबा धुवून आली तर फोन. मुलगा होता कोणी, "मैडम, सुदामा नगर, एक आंटी के घर से बहोत धुआं निकल रिया है, अकेली रेती हैं, जल्दी!" कुठे, काय, आत कोण, पोहे कोणाकडचे, सगळं विचारलं. बटण दाबलं. गाडी एका मिनिटात बाहेर. रजिस्टरमधे सुंदर अक्षरात दोन टाइम लिहिले. आणि तरी, बघा, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. सुदामा नगर केवढं मोठं आहे, असं पण नाही वाटलं. काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी गाडी आली. मांगीलालजी उतरले तर शर्टाची कॉलर फाटून लटकत होती. बाकीचे दोघं फायरमन हसून पण राहिले होते आणि शिव्या पण देत होते.

"क्या हुआ जी?"

"होना क्या है. पब्लिक ने आरती उतारी. बोले आधे घंटे से फोन किया है, अब आए हो, ताश खेल रिये थे? एक ने गला पकड़ लिया, चार ने वीडियो बनाया." मग ते बाकावर बसले, बूट काढला, आणि हसायला लागले. "अरे पर असली बात सुन. वो माताजी, मराठी हैं तेरे जैसी, बाहर लाए तो बोले जाएं, मैंने तो कब का बोला था बम भेजो, बम भेजो! वां एक नया पुलिसवाला खड़ा था, उसने सुना बम, उसने पूरी गली खाली करवा दी!"

सगळे हसले. मी पण हसली, एक क्षण. मग सुदामा नगर आठवलं. बंब आठवला.

"वो… है?"

"कौन?"

"माताजी."

"है, है. हाथ जल गया सीधा वाला, धुआं पी गईं. कढ़ई में तेल था, उनने बाल्टी से पानी डाल दिया. तू क्यों सफेद पड़ गई?"

मी म्हटलं ऊन लागलं.

रात्री घरी पिहूला कुशीत घेऊन मी मोजून राहिली होती. बाहर निकलो, पानी मत डालो. दिवसातून किती वेळा सांगते मी हे. तेवढी दोन वाक्यं सांगितली असती तर त्यांचा हात जळाला नसता. आणि आईला पण नाही सांगू शकली, कारण आई दोन दिवसांत सगळ्या गल्लीला सांगते.

व्हिडिओ सगळ्या इंदौरने पाहिला. दमकल देर से आई. खाली लोकांनी लिहिलेलं मी एक एक वाचलं, मुफ्त की तनखा, सोते रहते हैं, इनके घर आग लगे तब पता चले. साहेबांनी मांगीलालजींना बोलावलं, मला बोलावलं, रजिस्टर मागवलं. मी घेऊन गेली. साहेबांनी दोन टाइम पाहिले आणि रजिस्टर बंद केलं. "एक मिनट में निकली है गाड़ी. बात खतम. माताजी बुजुर्ग हैं, उनको लगा होगा कि फोन किया." मांगीलालजींनी माझ्या पाठीवर थाप दिली, "भेन के रजिस्टर ने बचा लिया."

मी रजिस्टर घेऊन परत खोलीत आली. तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती, ठेक्याची नोकरी जायला कागद पण लागत नाही. मग पिहूची शाळा, मग खोलीचं भाडं. हेच मी स्वतःला रोज सांगत होती. गाडीवाले वाचले, आजी जिवंत आहे, आता कशाला.

पण मग सकाळच्या शिफ्टचा पोरगा मला म्हणाला, "दीदी, एक आंटी रोज फोन लगाती है. पूछती है वो मराठी लड़की कौन है, उससे बात कराओ. मैं बोल देता हूं रांग नंबर."

रोज. माझी शिफ्ट दुपारची, त्यांचा फोन सकाळी. त्या मला शोधत होत्या आणि माझ्या खुर्चीवर बसलेला माणूस त्यांना राँग नंबर सांगत होता. मी दोन रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, पिहूचा हात धरला आणि ई-रिक्शात बसली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. फक्त एक ठरवलं होतं, हिंदीत बोलायचं. आवाज ओळखतील ना.

घर सापडायला वेळ लागला नाही, स्वयंपाकघराची खिडकी काळी होती. दार त्यांच्या मुलाने उघडलं, पुण्याहून आलेले. मी म्हटलं, "फायर ब्रिगेड से आई हूं, माताजी का हाल पूछने." ते एकदम चांगलं बोलले, बसवलं, पंखा लावला. तेच वाईट वाटलं. म्हणाले, "आपके लोगों को बेकार गालियां पड़ीं, मैं माफी मांगता हूं. मम्मी कहती रहीं फोन किया था, फोन किया था. असल में अब भूलने लगी हैं. डॉक्टर को दिखाया है. मैं पूना ले जा रहा हूं, अब अकेला नहीं छोड़ सकते."

आजी आतल्या पलंगावर होत्या, दार उघडंच होतं. लहानशा, पांढऱ्या, उजवा हात पट्टीत, उशीवर ठेवलेला, जसा दुसऱ्या कोणाचा असावा. त्या आतून मराठीत बोलल्या, मुलाशी.

"विसरते नाही म्हणायचं, श्रीकांत. पुण्याला ने, हात भाजलेलीला ने, म्हातारीला ने. पण विसरते म्हणून नको नेऊ. मी फोन केला होता."

"हो आई. केला होता."

"असं नको म्हणू! लहान मुलाला म्हणतात तसं नको म्हणू."

मी खाली पाहत बसली. त्यांचा फोन पण जुना, भिंतीजवळ स्टुलावर, आमच्यासारखाच, काही आठवण न ठेवणारा. आता उठते, निघते, असं मनात चाललेलं. तेवढ्यात पिहूने माझी ओढणी ओढली. गॅलरीत एका कोपऱ्यात तांब्याचं उंच काहीतरी होतं, काळं पडलेलं, त्याच्यात मनीप्लांट लावलेला.

"आई, ते काय आहे?"

आणि मी, विचार न करता, जसं पोरीला सांगतात तसं, "बंब आहे तो, पिहू."

आत पलंग करकरला.

"कोण बोललं?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीतून मराठीत आलेली त्यांच्या पण लक्षात आलं.

"इकडे ये," आजी म्हणाल्या. मी गेली. "परत म्हण."

"बंब," मी म्हटलं. आणि मग सगळंच म्हटलं. "बंब पाठवते हं, आजी. मी म्हटलं होतं. मी नाही पाठवला. मला कळलाच नाही, आजी, मला वाटलं पाण्याचा. मी हसली."

"हसलीस ना?"

"हो आजी."

"मला वाटलं तेही माझ्या मनाचंच." त्या मुलाकडे वळल्या, डोळे भरून आले होते पण तोंडावर जीत होती. "ऐकलंस? विचार हिला. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते विचार."

 मग आजी माझ्याकडे पाहून, एकदम हळू, "मी दार उघडून ठेवलं होतं गं. बंबवाल्यांना आत यायला. शेजारी दुपारचे झोपलेले, म्हटलं कशाला उठवायचं, ती मुलगी पाठवते म्हणाली आहे. मराठी होती, म्हणून वाटलं आता आलेच. तोवर आपलं पाणी टाकत राहिले."

मला पाया पडायचं होतं पण वाटलं त्यांना आवडणार नाही. उभी राहिली नुसती.

मुलगा म्हणाला, आता मराठीत, आणि आता आवाज दुसरा, "मी हे लेखी देणार आहे तुमच्या ऑफिसात."

"दे," आजी म्हणाल्या. "पण हेही लिही की ती आपणहून आली. दोन्ही लिही."

चहा नाही विचारला. बरोबरच आहे. पिहूने पाणी मागितलं, तर आजी स्वतः उठल्या, डाव्या हाताने माठातून काढून दिलं, अर्धं सांडलं. मला नाही विचारलं.

तिथून मी घरी नाही गेली, चौकीवर गेली. सुट्टी असून. रजिस्टर काढलं, ते पान काढलं, नरवाईच्या फोनच्या वर दोन ओळींच्या मधे जागा होती, तिथे बारीक अक्षरात लिहिलं. दिघे आजी, सुदामा नगर, बंब पाठवा. गाडी पाठवली नाही. फोन मी घेतला. आणि सही. जिथे गाडी निघायचा टाइम लिहितात ती जागा रिकामी ठेवली. मग रजिस्टर घेऊन तुकोगंजला साहेबांच्या घरी, कारण उद्यापर्यंत थांबली असती तर हिंमत गेली असती.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "ये बंब क्या लिखा है?"

"गाड़ी, सर."

"तो गाड़ी लिखो ना."

"उन्होंने बंब बोला था, सर."

मला फोनवरून काढलं. नोकरीवरून नाही, पण ठेका दिवाळीनंतर नवीन होतो, तेव्हा बघू म्हणाले. अडीच महिने मी हॉल झाडला, पाइप वाळत घातले, बूट लाइनीत लावले. त्या दिवसांत मांगीलालजी माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या हातचा चहा त्यांनी तसाच ठेवून दिला, रोज, आणि मी तो रोज बेसिनमधे ओतला. मी त्यांची फाटलेली कॉलर शिवून द्यावी म्हणून शर्ट मागितला, तर म्हणाले रेन दे. मग एका दुपारी, काहीच झालं नव्हतं, त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला, "शक्कर कम है," म्हणाले. आणि मग, दुसरीकडे पाहत, "कॉलर तो मेरी इत्ते साल से फट रई है, भेन. पर हर बार सोचता था कि झूठ बोल रिये हैं लोग. अब कोई बोलता है कब का फोन किया था, तो मैं चुप रेता हूं. क्या पता किया हो." हे त्यांनी रागात म्हटलं की कसं, मला अजून कळलेलं नाही.

सकाळच्या पोराने नोकरी सोडली तेव्हा मला परत फोनवर बसवलं, दुसरं कोणी मिळत नव्हतं. आता मी "फायर कंट्रोल, बोलिए" म्हणते, आणि मागून "बोला" पण म्हणते. लोकांना वाटतं मी अडखळते. आणि कोणी काही पण सांगितलं, पोपट, टँकर, काही पण, तरी शेवटी विचारते, आग तो नहीं है ना? लोक चिडतात. चिडू दे.

फोनच्या वर भिंतीवर मी एक कागद चिकटवला आहे, तिन्ही शिफ्टसाठी. मोठ्या अक्षरात, बंब मतलब गाड़ी. नंतर लागलेल्या नवीन पोराने विचारलं, "दीदी, ये कौन बोलता है?" मी म्हटलं, बोलतात.

आजी पावसाळ्यात पुण्याला गेल्या, हात भरल्यावर. जायच्या आधी मला फोन नाही आला, यायला पण नको होता. शेजारच्या त्या मुलाकडून कळलं, ज्याने धुराचा फोन केला होता. जाताना तो तांब्याचा बंब त्यांनी सोबत नेला म्हणे, मुलगा नको म्हणत असताना, मनीप्लांटसकट.

तेव्हापासून बंब पाठवा म्हणून एकही फोन आलेला नाही. मी कागदाकडे पाहते, फोनकडे पाहते. इंदौरमधे आता बंब म्हणणारं कोणी उरलं नसेल. नाहीतर उरले असतील आणि त्यांच्याकडे आग लागली नसेल. तसंच असू दे, देवा. फोन वाजून राहिला आहे, उठते.